उरलेला घोडा

घोड्याचे वजन किती असते, या प्रश्नाचे उत्तर आमच्या खात्याने फार पूर्वीच देऊन टाकले आहे. किमान साडेतीनशे किलो, कमाल साडेपाचशे. याहून हलका घोडा नसतो आणि याहून जड घोडा असू शकत नाही. असे का, म्हणून कोणी विचारलेच तर मी शांतपणे वजनपट्टी दाखवतो. पट्टीवर तसे छापलेले आहे.

मी सरकारी पशुचिकित्सालयाचा हेडक्लार्क. जनावरांवर डॉक्टर उपचार करतात असा लोकांचा समज आहे. डॉक्टर फक्त सुई टोचतात. सुई कपाटात असते, कपाटाला कुलूप असते आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला असते. जनावर माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय आमच्याकडे आजारी ठरत नाही आणि बरेही होत नाही. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात.

पूर्वी आमच्या आवारात जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी काटा होता. त्यावर काहीही उभे करावे आणि वजन घ्यावे. पण आवारातल्या एकुलत्या झाडाची सावली नेमकी त्या काट्यावर पडत असे, आणि संचालकसाहेबांच्या नव्या गाडीला सावलीची गरज होती. तेव्हा काट्यावर सिमेंट ओतून घेतले. पुढे काही महिने आम्ही जनावरांची वजने त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवत होतो.

त्याच सुमारास शर्यतींच्या क्लबचा एक नामांकित घोडा पाय मुरगळून आमच्याकडे आला आणि बरा होऊन गेला. पाय आपोआपच बरा झाला, पण आम्ही उपस्थित होतो. खूश होऊन क्लबने आम्हाला ही वजनपट्टी भेट दिली. निळी, चकचकीत, शिंप्याच्या टेपसारखी. घोड्याच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती गुंडाळायची आणि जिथे टोक येईल तिथला आकडा वाचायचा. क्लबने ती आपल्या घोड्यांसाठी करून घेतलेली होती. शर्यतीचा घोडा म्हणजे लांब पाय, खपाटीला गेलेले पोट आणि अंगावर चरबीचा लवलेश नाही. त्यातला थोराड म्हणजे साडेपाचशे किलो, म्हणून पट्टी तिथे संपत होती. क्लबच्या लेखी जगात दुसऱ्या जातीचे घोडेच नव्हते. पट्टी आमच्याकडे रीतसर दाखल झाली, त्या दिवसापासून ते आमच्याही लेखी राहिले नाहीत.

सुरुवातीला थोडी अडचण आली ती बागेत मुलांना फिरवणाऱ्या तट्टांची. तट्टाभोवती पट्टी गुंडाळली की टोक साडेतीनशेच्या अलीकडे, आकडे नसलेल्या भागावर येई. तिथे क्लबने 'विजयी व्हा' असे छापले होते. तेव्हा तट्टाच्या वजनापुढे आम्ही 'विजयी व्हा' असेच लिहीत असू. औषध मात्र पहिल्या छापील आकड्याप्रमाणे, म्हणजे साडेतीनशे किलोंचे द्यावे लागे. एक तट्टू त्या औषधाने बराच काळ झोपून राहिले आणि उठले तेव्हा अतिशय समंजस झालेले होते. मालकाने आमचे आभार मानले.

अशी सगळी घडी बसलेली असताना ओंडकेवाली मावशी टेकडीला घेऊन आली.

टेकडी ही तिची घोडी. शहराबाहेरच्या वखारीतून लाकडाचे ओंडके सुतारांच्या गल्लीत पोचवायचे, हे या दोघींचे काम. गल्ली इतकी अरुंद की ट्रक शिरत नाही, म्हणून घोडी. मावशीचा नवरा कमरेतून गेलेला, घरी खाटेवर पडून असे. लगाम मावशीच्या हातात होता आणि घरही त्याच लगामावर चालत होते. टेकडी ओझ्याच्या जातीची होती. मान एखाद्या दाराएवढी रुंद, खूर जेवणाच्या ताटाएवढा. ती फाटकातून आत आली तेव्हा माझ्या खोलीत अंधार झाला.

"काय होतंय हिला?" डॉक्टरांनी विचारले. डॉक्टर तरुण होते, नोकरीत नवे होते.

"खोकतेय. अंग तापलंय. आणि दाण्याला तोंड लावत नाहीये," मावशी म्हणाली. "हिनं दाण्याला तोंड लावलं नाही, असं आजवर झालेलं नाही हो. आमच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडानं मिळून खाल्लं नसेल तेवढं ही एका दिवसात खाते."

डॉक्टरांनी टेकडीच्या छातीला कान लावला. दुसऱ्या बाजूनेही ऐकले. मग म्हणाले, "फुफ्फुसाला सूज आहे. पण वेळेवर आणलंत. रोज इंजेक्शन द्यावं लागेल. बरी होईल."

"नक्की ना?"

"नक्की. फक्त औषध वजनाच्या हिशेबानं बरोबर गेलं पाहिजे. जास्त झालं तर हृदयावर येईल. आणि कमी पडलं तर रोग मरत नाही, उलट औषधाला सरावतो आणि दुप्पट जोरानं उठतो."

शिपाई पट्टी घेऊन पुढे झाला. टेकडीच्या पोटाखालून त्याने टोक पलीकडे टाकले, वळसा घालून पलीकडे गेला, टोक ओढले आणि पुन्हा ओढले.

"अरे, आकडा सांग," मी म्हणालो.

"भाऊसाहेब, टेप संपली."

"मग शेवटचा आकडा सांग."

"शेवटचा साडेपाचशे. पण टेप संपली, घोडी संपली नाही."

मी जाऊन पाहिले. पट्टीच्या दोन टोकांमध्ये हातभर घोडी उघडी राहत होती. आमच्या चिकित्सालयाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. मी मावशीला म्हणालो, "तिला जरा श्वास सोडायला सांगा."

"तुम्हीच सांगा, भाऊ. माझं ऐकत नाही ती."

"नऊशे किलो तरी असेल," डॉक्टर म्हणाले. "ओझ्याचे घोडे एवढेच असतात, शर्यतीच्या घोड्याच्या जवळजवळ दुप्पट. पुस्तकात दिलंय."

"पुस्तक खात्याकडे रीतसर दाखल झालंय का?"

"नाही."

"पट्टी झाली आहे." डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना नोकरीत कायम करायचे की नाही हे त्या महिन्यात ठरणार होते आणि त्यावर माझा शेरा लागणार होता.

मावशीला मात्र कायम व्हायचे नव्हते. ती म्हणाली, "अहो, डोळ्यांना दिसतंय ना केवढी आहे ती! अंदाजानं द्या की दोन बाटल्या."

"दिसतंय, मावशी. पण दिसणं हा पुरावा होत नाही. उद्या तपासणीला आलेल्या माणसानं विचारलं की साडेपाचशेच्या पुढचं औषध कोणाला टोचलं, तर मी काय सांगू? हवेला?"

मी वर संचालकसाहेबांकडे गेलो. साहेब खिडकीत उभे राहून आपल्या गाडीवरची सावली पाहत होते. सगळे ऐकून त्यांनी एकच प्रश्न केला, "घोडा पट्टीत मावत नसेल तर दोष कोणाचा?"

"घोड्याचा, साहेब."

"मग मला कशाला विचारता?"

आता इथेच घोडं पेंड खात होतं. खाली घोडी खोकत होती. तिच्या प्रत्येक खोकल्यासरशी माझ्या टेबलावरचा पेला हलत होता. जिना उतरता उतरता मला जे सुचले, ते सुचायला निम्मे आयुष्य खात्यात घालवावे लागते.

"डॉक्टर," मी म्हणालो, "पट्टी जिथे संपते तिथे एक घोडा पूर्ण होतो. साडेपाचशे किलोंचा. मान्य?"

"मान्य."

"त्यानंतर जे उरतं तेही घोडाच आहे. गाय नव्हे. मान्य?"

"हो, घोडाच."

"आणि कोणताही घोडा साडेतीनशेच्या खाली नसतो. म्हणजे साडेपाचशे किलोंचा एक आणि साडेतीनशेचा एक. दोन घोडे."

डॉक्टरांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि त्यांचे डोळे विस्फारले. "भाऊसाहेब, नऊशे! अगदी बरोबर नऊशे होतात!"

"खातं कधी चुकत नाही," मी म्हणालो.

तेव्हा पहिल्या घोड्याचे नाव टेकडी आणि दुसऱ्याचे उरलेला घोडा, अशी नोंद होऊन उपचार सुरू झाले. आवारात एका वेळी एकच जनावर आत घ्यायचे, असा आमचा नियम आहे. म्हणून टेकडीला पहिली सुई टोचली की मावशी तिला फाटकाबाहेर काढी, कुंपणाला वळसा घालून परत फाटकाशी आणी. शिपाई मोठ्याने "पुढचा घोडा!" म्हणून पुकारी, मग उरलेल्या घोड्याची सुई. आजारी घोडीला एवढे चालवणे बरे नव्हे, असे डॉक्टर पुटपुटत. पण औषध पुरेपूर जात होते. थोड्याच दिवसांत टेकडीचा ताप उतरला, कान उभे राहिले आणि एका सकाळी तिने माझ्या खिडकीतली कुंडी रोपासकट खाल्ली. मावशी आनंदाने रडली. खरे सांगतो, मलाही बरे वाटले.

खोकला मात्र अजून सरला नव्हता. डॉक्टर म्हणत होते की आणखी काही दिवस सुया चुकवायच्या नाहीत, नाहीतर सगळे मुसळ केरात.

आजारी कामकरी जनावराला खात्यातर्फे चारा मिळतो. मावशी पहिल्या दिवशी एका घोड्याचा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन रेंगाळली.

"भाऊ, घोडे दोन म्हणता ना तुम्ही?"

"मी म्हणत नाही. तशी नोंद आहे."

"मग एकाला जेवायला वाढायचं आणि दुसऱ्याला तोंड बघत बसवायचं, हे बरं दिसतं का?"

बरे दिसत नव्हते. त्या दिवसापासून मावशी दोन घोड्यांचा चारा नेऊ लागली, दोन ठिकाणी सही करून. बाई चटकन शिकणारी होती.

इकडे संचालकसाहेबांच्या लक्षात आले की घोड्यांची संख्या वाढते आहे. त्यांनी मला बोलावून कौतुक केले आणि प्रत्येक थोराड घोड्याची मोजणी याच पद्धतीने करण्याचा आदेश काढला. मद्याची पिंपे ओढणारे, दगडाच्या खाणीतले, नांगराचे, सगळे घोडे आमच्याकडून दोन-दोन होऊन परत जाऊ लागले. एकही शिंगरू न जन्मता घोडे वाढले. मुख्यालयाने अभिनंदन केले. मग मुख्यालयातच कोणाला तरी शंका आली की इतके घोडे आले कुठून, आणि त्यांनी एक पडताळणी अधिकारी बाई पाठवल्या.

या बाई बारीक चणीच्या आणि अत्यंत नम्र होत्या. ओरडणाऱ्या अधिकाऱ्याला मी भीत नाही, तो दमतो. नम्र अधिकारी दमत नाही. त्यांनी यादीतला पहिलाच घोडा निवडला आणि म्हणाल्या, "टेकडी आणि उरलेला घोडा, दोघांना जरा एकत्र उभं करता का?"

शिपायाने सवयीने टेकडीचा लगाम धरला आणि तिला फाटकाकडे न्यायला लागला.

"एकत्र म्हटलं मी," बाई हसून म्हणाल्या. "हा कोणता घोडा?"

पट्टी लावली. शेवटचा आकडा साडेपाचशे. म्हणजे ही टेकडी, यात वाद नव्हता. "छान. आता दुसरा दाखवा," बाई म्हणाल्या.

मी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी मावशीकडे पाहिले. मावशी म्हणाली, "अहो बाई, दुसरा कुठला? एकच आहे ती. आईच्या पोटातनं एकटीच आलीय."

"मग दोन घोड्यांचा चारा कोणी खाल्ला?"

"हिनंच की."

"असं? एका घोड्यानं दोघांचा चारा खाल्ला असेल तर तो अपहार झाला. मग जनावर जप्त होतं. आणि दुसऱ्या घोड्यानं खाल्ला असेल तर काहीच प्रश्न नाही, तो फक्त आता कुठे आहे ते सांगायचं." बाईंनी पेनाचे टोपण काढले. "तुमची काही घाई नाही. विचार करून सांगा."

मावशीने एकदा टेकडीकडे पाहिले. जप्त झालेली जनावरे कुठे जातात, ते तिला माहीत होते. मग ती म्हणाली, "चरायला गेलाय."

"कधी येईल?"

"येईल... भूक भागली की."

बाईंनी ते लिहून घेतले. त्या क्षणापासून उरलेला घोडा फरार झाला.

पुढचे सगळे नियमाने झाले. संसर्गजन्य आजाराचा एक घोडा शहरात मोकाट सुटलेला असल्यामुळे नागरिकांना सावध करणे खात्याला भाग होते. आम्ही चौकाचौकांत सूचना लावल्या. वजन साडेतीनशे किलो, अंगाने हलका, पायाने चपळ. खाली एक ओळ घालावी लागली की या घोड्यापासून कोणाचे नुकसान झाल्यास खाते भरपाई देईल. लोक म्हणतात, सरकार नुसते कागदी घोडे नाचवते. हा आरोप खोटा आहे. आमचा घोडा नाचत नव्हता, तो बेपत्ता होता.

पण यात एक बाब अशी होती की गैरहजर जनावराला सुई टोचता येत नाही. उरलेल्या घोड्याचे साडेतीनशे किलोंचे औषध थांबले. टेकडीला टेकडीपुरते साडेपाचशेचे मिळत राहिले. डॉक्टर रोज कपाटापर्यंत येत आणि परत जात.

औषध कमी पडले, तसा रोग पुन्हा उठला. या वेळी तो चांगला सरावलेला होता.

नागरिकांचे अर्ज यायला पहिल्याच दिवशी सुरुवात झाली. एका गृहस्थांना घोड्याने गुडघ्यावर लाथ मारली होती. गुडघा तरुणपणापासून दुखत होता, पण लाथ आत्ता बसली होती. एका वसाहतीची कुंपणाची भिंत घोड्याने पाडली. ती भिंत पडलेली मी स्वतः तीन पावसाळे पाहत होतो. एका बाईंच्या दोरीवरच्या सगळ्या चादरी आणि अभ्रे घोड्याने नेले, उशांसकट. एका मुख्याध्यापकांनी कळवले की वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका घोड्याने खाल्ल्या आहेत, तरी सर्व विद्यार्थ्यांना उत्तीर्ण समजावे. एका निवृत्त न्यायाधीशांनी घोड्याला पहाटे पाहिले आणि त्याच्या नजरेत गुन्हेगारी भाव असल्याचे नमूद केले.

एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत होते. घोडा सडपातळ, उंच, लांब पायांचा, मान ताठ, अगदी शर्यतीतल्या घोड्यासारखा. एकाही अर्जदाराने जाडा, आखूड किंवा थकलेला घोडा पाहिला नव्हता. खात्याची व्याख्या जनतेलाही मान्य आहे हे पाहून संचालकसाहेबांना समाधान वाटले.

टेकडी आता आवारातच पडून असे. वखारवाल्याने ओंडक्यांसाठी दुसरा माणूस पाहिला होता. मावशी तिच्या मानेशी बसून ओल्या फडक्याने नाक पुसत राही. एका दुपारी डॉक्टर माझ्या टेबलापाशी आले, मागे मावशी.

"भाऊसाहेब, किल्ली द्या," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण औषध गेलं तर अजून वाचेल. नंतर माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"तुमचं जे व्हायचं ते होईलच, डॉक्टर. पण किल्लीची सही माझी असते."

मावशी पुढे झाली. "भाऊ, मी खोटं बोलले. कुठला घोडा न् कुठलं चरणं! सगळा चारा परत आणून टाकते. घर गहाण टाकते. तेवढं लिहा की एकच होती."

"मावशी, जबाब एकदा लिहिला गेला की तो तुमचा राहत नाही. आता एकच घोडा म्हटलं तर बाहेर ज्यांना लाथा बसल्यात ती सगळी माणसं खोटी ठरतात. शहरातल्या प्रतिष्ठित लोकांना मी खोटं ठरवू?"

"आणि माझी टेकडी?"

मला वाईट वाटले. अगदी मनापासून वाटले. वाईट वाटायला खात्याची मनाई नाही. मी मावशीला पाणी दिले. किल्ली दिली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी शिपाई धावत माझ्याकडे आला. रोजच्या रिवाजाप्रमाणे त्याने टेकडीला पट्टी लावली होती. "भाऊसाहेब, टेप लागली! टोकाला टोक लागलं!"

आम्ही सगळे बाहेर धावलो. टेकडीच्या बरगड्या मोजता येत होत्या, मानेचे कातडे सैल लोंबत होते, आणि छातीभोवती निळी पट्टी नीट बसली होती. साडेपाचशे. संचालकसाहेब स्वतः खाली उतरले. मुख्यालयाची पाहणी अजून चालू असल्यामुळे पडताळणी अधिकारी बाईही होत्या.

"पाहा," साहेब म्हणाले, "खात्याच्या देखरेखीखाली घोडा प्रमाणित वजनाला आला. आता ही घोडी शर्यतीच्या घोड्यांच्या बरोबरीची झाली." आणि त्यांनी टेकडीशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. टेकडीला उभे धरायला दोन माणसे लागली, ती फोटोत येऊ दिली नाहीत.

मावशी उठली आणि अधिकारी बाईंसमोर उभी राहिली. "बाई, तुमचा तो दुसरा घोडा सापडला का?"

"तपास चालू आहे."

"नऊशातले साडेपाचशे राहिले. वजाबाकी करा. हिच्या अंगातनं निघून गेला तो घोडा. आम्ही सगळे इथे बसून बघत होतो."

बाईंनी तेही लिहून घेतले. नम्रपणे विचारले, "कोणत्या दिशेने?"

आता नोंद आणि घोडी यांच्यात काहीच फरक उरला नव्हता, तेव्हा मी कपाट उघडले. डॉक्टरांनी साडेपाचशे किलोंचे औषध मोजून भरले. या खेपेला ते घोडीच्या वजनाला अगदी पुरेपूर होते. सुई टोचेपर्यंत टेकडीने मान मावशीच्या मांडीवर टाकली होती. ती पुन्हा उचलली नाही.

डॉक्टर पुढच्या आठवड्यात नोकरी सोडून गेले. मी त्यांच्यासाठी चांगला शेरा लिहून ठेवला होता.

आता तुमच्याविषयी. हे वाचताना तुम्ही मला नावे ठेवत असाल, खुशाल ठेवा, त्याची सवय आहे. पण त्या दिवशी टेकडीला न्यायला हातगाडी आणली तेव्हा भरपाईच्या अर्जांची रांग फाटकातून रस्त्यापर्यंत गेली होती. मावशी म्हणाली, "जरा वाट द्या हो, माझ्या घोडीला न्यायचंय." कोणी हलले नाही. हलले तर नंबर जातो. तुम्ही फाटकाजवळच होता, हातात पिशवी होती. तुम्ही म्हणालात, "अहो, आमच्याही घरी घोड्यामुळे नुकसान झालंय." गाडी आडवीतिडवी करत मावशीने आणि हमालांनी ती भिंतीच्या कडेने काढली.

तुमचा अर्ज मंजूर झाला आहे. येऊन भरपाई घेऊन जा. फक्त घोड्याच्या रंगाचा रकाना तुम्ही कोरा सोडला आहे. मी त्या रांगेतल्या सगळ्यांना गंमत म्हणून विचारून पाहिले की, सुतारांच्या गल्लीतून रोज तुमच्या घरच्या दारे-खिडक्यांचे, पलंगांचे, खुर्च्यांचे लाकूड ओढत जाणारी ती घोडी कोणत्या रंगाची होती? एकालाही सांगता आले नाही. तुम्हीही गोष्ट इथपर्यंत वाचलीत, पण तिचा रंग मी सांगितला नाही हे तुमच्या ध्यानात आले नसेल. हरकत नाही. जो घोडा नव्हताच, त्याचा रंग तुम्हाला नक्की आठवेल. तेवढा भरा आणि खाली सही करा.